चौतीस गुणांची गयाबाई

संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, नर्सच्या आयुष्यात छापण्यासारखं काय असतं? ते म्हणाले, "एखादा जीव वाचवल्याचा प्रसंग लिहा ना." जीव वाचवल्याचे प्रसंग सगळेच लिहितात. निवृत्त झालेल्या माणसाने वाचवलेल्या जिवांची संख्या दर दिवाळीला वाढत जाते, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मी एक चांगली शुद्धीवरची बाई आम्ही कागदावर जवळजवळ कशी मारून टाकली होती, ते लिहिते.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार. परभणीत तेव्हा एका ट्रस्टचा दवाखाना होता. आता तो नाही, त्या जागी मंगल कार्यालय आहे आणि जिथं सलाईन लटकायच्या तिथं झुंबरं लटकतात. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिथं काम केलेली निम्मी मंडळी या अंकाची वर्गणीदार आहेत. ते दिवस नामांतराच्या मोर्चांचे आणि बंदचे होते. बंद असला की एसटी नाही, एसटी नाही की पेशंट नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे पेशंट एकदम दारात.

या दवाखान्यात चार खाटांचं आयसीयू निघालं आणि माझी तिथं बदली झाली. आयसीयू म्हणजे काय, तर जुन्या बाळंतिणींच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने एक मोठी काच बसवली होती. आत दोन मॉनिटर, त्यातला एक थाप मारल्याशिवाय चालत नसे. खेड्यातून आलेले लोक काचेला नाक लावून आत बघत. त्या खोलीला सगळे 'काचंची खोली' म्हणायचे आणि आत जागा मिळालेल्या पेशंटच्या घरच्यांना गावात थोडा मानही मिळायचा.

वर्षभराने डॉ. सबनीस आले. पुण्याचे, किडकिडीत, जाड चष्मा, आणि आमच्या उन्हाची इतकी धास्ती की जिन्यातसुद्धा टोपी घालायचे. त्यांच्या बॅगेत एक कागद होता. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात सात आणि एक सारखेच दिसत. तो त्यांनी देवाचा फोटो ठेवावा तसा टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून आपण प्रत्येक पेशंटचा स्कोअर काढायचा."

बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. पेशंटच्या बारा गोष्टी बघायच्या. ताप, बीपी, नाडी, श्वास, रक्तातले क्षार, किडनी कशी चालते ते, पांढऱ्या पेशी, शुद्ध वगैरे. जे ठीक आहे त्याला शून्य. जे बिघडलंय त्याला एक ते चार दंड, मग ते वाढलेलं असो की घटलेलं. शुद्धीचा दंड याहून मोठा, पण तो पुढं सांगते. त्यात वयाचा दंड मिळवायचा, जुनं दुखणं असेल तर त्याचा मिळवायचा, आणि बेरीज करायची. पहिल्या चोवीस तासांतला सर्वांत वाईट आकडा धरायचा, बरा नाही. बेरीज जितकी मोठी तितका माणूस जास्त आजारी. शून्य आलं तर तो दवाखान्यात चुकून आलाय.

आता नातेवाइकांनी हे परीक्षेचे मार्क समजून पेढे वाटल्याचं मी सांगेन, असं वाटत असेल तर तसं काही नाही. ते इतकं रोजचं होतं की आम्हाला त्याचं हसूही येत नसे.

खरा गोंधळ आमच्याकडेच होता. पहिल्याच आठवड्यात सबनीस महिन्याभराचे चार्ट काढून बसले आणि मला हाक मारली.

"सिस्टर, या दवाखान्यात प्रत्येक माणूस मिनिटाला वीसच श्वास कसे घेतो?"

आमच्याकडे श्वासाच्या रकान्यात वीस लिहायचा रिवाज होता. मला माझ्या सीनियरने शिकवलेला, तिला तिच्या. नाडी मोजायची, ताप बघायचा आणि श्वास वीस. सबनीसांनी एक चार्ट पुढे केला. त्यातला पेशंट आदल्या दिवशी सकाळी घरी गेला होता आणि संध्याकाळी सहा वाजता आमच्या रिकाम्या खाटेवर वीस श्वास घेत होता. मला अशी लाज वाटली की मी दोन दिवस त्यांच्यासमोर चहा प्यायले नाही.

मग घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजायचा हुकूम निघाला. तुम्ही कुणाच्या छातीकडे मिनिटभर टक लावून बघा, तो माणूस नीट श्वास घेईल का? सेलूचे एक आडते होते, कापसाच्या बाजारातलं मोठं प्रस्थ. त्यांनी विचारलं, "काय बघायलाव बाई?" मी खरं सांगितलं, श्वास मोजतेय. तर म्हणाले, "मग आधी सांगायचं की," आणि मला मदत म्हणून छाती फुगवून असे दणादण श्वास घ्यायला लागले की त्यांना भोवळ आली. तेव्हापासून मी मनगट धरून नाडी मोजल्याचं सोंग करते आणि चोरून श्वास मोजते. घरी पाहुणे आले तरी सवयीने मोजून होतात.

वयाचं तर विचारूच नका. पंचेचाळिशीच्या आत दंड नाही, पुढे वाढत जातो. पण आमच्याकडे वय सांगतंय कोण? "वय किती आजी?" "तुमीच बघा की." मग मीच एक तक्ता केला. रझाकारीच्या वेळी, म्हणजे अठ्ठेचाळीसला निजामाच्या रझाकारांपायी पळापळ झाली तेव्हा, पाळण्यात असलेल्याला बेचाळीस वर्षं, म्हणजे दंड शून्य. तेव्हा नवीन लग्न झालेली असेल तर दोन. कडेवर दोन पोरं घेऊन गाव सोडून पळाली असेल तर तीन. तेव्हाच म्हातारी म्हणून घरात मागं ठेवून गेले असतील तर सरळ सहा. सबनीसांना रझाकारी म्हणजे काय तेही मीच सांगितलं. त्यांनी तो तक्ता त्या झेरॉक्सशेजारी काचेखाली ठेवला, तेव्हा मी मनातून फार खूश झाले.

आणि शुद्ध. ती मोजायची पद्धत अशी की डोळे उघडतो का, बोलतो का, हलतो का, या तिन्हींना मिळून पंधरा गुण. दगडालासुद्धा तीन मिळतात. पंधराला जेवढे कमी पडतील तेवढे सगळे दंडात जातात, म्हणजे एकट्या शुद्धीचाच दंड नऊ, दहा, बारापर्यंत चढू शकतो. बोलण्याचे पूर्ण गुण हवेत तर माणसाला वेळकाळाचं भान हवं. त्यासाठी सबनीसांनी प्रश्न काढले होते. आज वार कोणता, आपण कुठं आहात, साल कोणतं, पंतप्रधान कोण.

पंतप्रधान त्या काळात इतक्या भराभर बदलले की एकदा एका पेशंटने बरोबर सांगितलं आणि सबनीसांनी चूक दिलं. तो चुडाव्याचा माणूस, स्टेशनावर रोज पेपर वाचणारा. उठून बसला आणि म्हणाला, "डाक्टर, तुमीच येक दिस आराम करा." तो प्रश्न त्याच दिवशी रद्द झाला. वार विचारला तर लोक वार सांगत नसत, बाजार सांगत. आज सेलूचा बाजार, काल जिंतूरचा झाला. सबनीस त्याला गोंधळलेला म्हणून गुण कापायचे आणि मी मागून "सर, बरोबर आहे" म्हणून परत मिळवून द्यायची. माझं निम्मं काम वकिलीचं झालं होतं.

एवढं सगळं असूनही सबनीस एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "सिस्टर, हा आकडा शंभर पेशंटांबद्दल बोलतो. एका पेशंटबद्दल नाही. आपण काम कसं करतोय ते बघायला आहे हा, कुणाचं भविष्य सांगायला नाही."

पण ट्रस्टच्या अध्यक्षांना आकडा म्हटलं की ओळ आखावीशी वाटायची. खाटा चार, दारात पेशंट दहा. त्यांनी नियम काढला की तीसच्या वर स्कोअर गेला तर नातेवाइकांना स्पष्ट सांगायचं, आशा नाही, घरी न्या, खाट मोकळी करा. सबनीस भांडले. दोनदा वर जाऊन भांडून आले. नियम तरीही टाइप होऊन भिंतीवर लागला.

आणि मग पोखर्णीहून गयाबाई आली.

सकाळची वेळ होती. शेतकरी कुटुंब, जीपमध्ये गादी टाकून आणलेली. चार दिवस थंडी-ताप, लघवीतून सुरू झालेला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला. अंग तव्यासारखं तापलेलं, बीपी खाली, नाडी एकशे तीसच्या वर, श्वास मी स्वतः मोजले, छत्तीस. आजारी होती, खरीखुरी आजारी होती. सलाईन, ऑक्सिजन, इंजेक्शनं सगळं सुरू केलं.

आत एकच नातेवाईक बसायचा आमचा नियम. नवरा किसनराव पुढे झाला तर मागून काठी आपटली. त्याचे वडील दाजीबा. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, डोक्याला भला मोठा रुमाल. "घरातला मोठा मी हाय," म्हणाले आणि खाटेशेजारच्या स्टुलावर जे बसले ते देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे बसले. किसनराव काचेबाहेर उभा. दाजीबांनी दुसऱ्या दिवसापर्यंत स्टूल सोडलं नाही. पाणीसुद्धा प्यायले नाहीत, म्हणजे उठायचं कारण नको.

मी फॉर्म घेऊन बसले.

"वय काय हो सुनेचं?"

"असंल साठ-सत्तर."

"आणि तुमचं?"

"माजं? पन्नास."

मी हसू दाबलं आणि बाईच्या वयाला साठ धरून तीन दंड लावला. मग शुद्ध तपासली. बाईच्या तोंडावर पदर होता, तो बाजूला केला. "गयाबाई, डोळे उघडा." नाही. "गयाबाई, बोला काहीतरी." नाही. नखावर पेन्सिल दाबली तर हात मागे घेतला, इतकंच. पापणी वर करून टॉर्च टाकायला गेले तर पापण्या घट्ट. बेशुद्ध माणसाच्या पापण्या अशा घट्ट नसतात हे मला शिकवलेलं होतं. मी ते परीक्षेत लिहूनही आले होते. पण हातात फॉर्म होता, रकाना समोर होता, डोळे नाहीत, बोलणं नाही. पंधरापैकी सहा. दंड नऊ. तोंडाने आकडे म्हणत मी माझ्या हाताने, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

सबनीसांनीही येऊन मोठ्यांदा हाक मारली. दाजीबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. बाई हूं की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेरीज केली. चौतीस.

सबनीसांनी तीनदा बेरीज करायला लावली. तिन्ही वेळा चौतीस. ते भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिले आणि मग व्हरांड्यात जाऊन किसनरावाला सांगितलं. किसनराव मटकन खालीच बसला. उपरण्यात तोंड घालून रडणारा एवढा मोठा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. दाजीबा स्टुलावरून न उठताच म्हणाले, "न्या घरी. परक्या खाटंवर नको." जीप फाटकाशी आली. गादी झटकली गेली. मी ऑक्सिजन काढायच्या आधी शेवटचे कागद बांधत होते.

आमच्या शेवंतामावशी फरशी पुसत होत्या. त्या अंगठेबहाद्दर, पण दवाखान्यात माझ्याहून दहा वर्षं जुन्या. फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "शिष्टर, बेसुद बाई पदर सावरती का?"

"मावशी, फरशी पुसा."

"फरशीच पुसायलेय. पर सकाळपासून तीनदा तिचा पदर मी बाजूला सारला, नाकाला नळी हाय म्हून. तीनदा तिनं वढून घेतला."

मी कागद टाकून खाटेपाशी गेले. गयाबाईच्या तोंडावरचा पदर हळूच खाली केला आणि वाट बघितली. दोन सेकंद गेले. सलाईन लावलेला हात, सुईसकट, सावकाश वर आला, पदराचं टोक चिमटीत पकडलं, आणि कपाळ, डोळे, नाक सगळं झाकून परत आपल्या जागी गेला.

मी दाजीबांकडे बघितलं. ते ताठ बसले होते. मी पुन्हा पदराकडे बघितलं. आणि माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो आधीच्या चोवीस तासांत कुठं होता, हे मला आजही कळलेलं नाही. मी याच जिल्ह्यातली. माझी आई माझ्या आजोबांसमोर कधी उभी राहिली नाही. सबनीस पुण्याचे होते, त्यांना एक वेळ माफ. मला कशी माफी?

"दाजीबा, ऑफिसात सही करायला या."

"सई? माजा अंगठा हाय."

"अंगठा करायला या."

ते उठले. गुडघे कडकड वाजले. काठी टेकत दाराबाहेर गेले. मी गयाबाईच्या कानाशी वाकले.

"गयाबाई, मामंजी गेले."

पदर बोटभर सरकला. दाराच्या बाजूचा फक्त एक डोळा उघडला.

"लांब गेले का दाराशीच हायेत?"

मी तिथंच मोठ्यांदा ओरडले, "सर!" आयसीयूत ओरडू नये अशी पाटी मीच लावली होती.

सबनीस टोपी सावरत धावत आले. खाटेवरची चौतीस गुणांची बाई पाणी मागत होती. त्यांना बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते दाजीबांच्या स्टुलावर बसले आणि प्रश्नांचा कागद काढला.

"आज वार कोणता?"

"काल बाजार झाला परभनीचा."

सबनीसांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"कुठं आहात तुम्ही?"

"काचंच्या खोलीत. लोक बघायलेत भाईरून."

काचेला खरोखरच सात-आठ नाकं लागलेली होती. त्यात एक किसनरावाचं होतं.

"साल कोणतं?"

"ते मला न्हाई ठावं." दम लागत होता तिला. "ह्यांला इचारा."

काचेतून खुणा करून किसनरावाला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने शेजारच्याला विचारलं, शेजारच्याने वॉचमनला. सबनीसांनी तो प्रश्न स्वतःहून सोडून दिला.

"बरं, नवऱ्याचं नाव काय?"

पदर झपकन खाली. सबनीसांचा चेहरा पडला. "सिस्टर, परत गेली का हो शुद्ध?"

"सर, ती नवऱ्याचं नाव नाही घेणार. असं नाही घेत आमच्याकडे."

"मग कसं घेतात?"

हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. मी नुसतं म्हटलं, "गयाबाई, घे बाई नाव. तुझी शुद्ध मोजायचीय." छत्तीस श्वास घेणारी ती बाई, तीनदा थांबून, दर ओळीला पदरातून हवा ओढत म्हणाली,

"सलाईनच्या बाटलीतून थेंब पडती टपटप, किसनरावांचं नाव घेते, डाक्टर आता बसा गप."

शेवंतामावशींनी फडकं टाकून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरचा हार्टचा पेशंट हसला आणि त्याचा मॉनिटर, थाप न मारता, बोंबलायला लागला. सबनीस म्हणाले, "बोलण्याला पाचच्या वर द्यायची सोय नाही हो या कागदात." मग चष्मा काढून पुसत बसले. मला वाटतं रडत होते. मी तर उघड उघड रडत होते.

वय विचारलं. रझाकारीत तिची आई तिला पाळण्यातून काढून पळाली होती. बेचाळीस. वयाचा दंड शून्य, शुद्धीचा शून्य. चौतीसातून बारा गेले, बावीस उरले. बावीसही काही गमतीचा आकडा नाही, पण ओळीच्या या बाजूचा होता. जीप परत पाठवली. सबनीस फॉर्म घेऊन वर अध्यक्षांकडे गेले, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवरचा कागद निघाला. त्यांनी आमच्या फॉर्मवर हाताने एक नवीन रकाना आखला, 'स्टुलावर कोण बसलंय?' पुण्याहून एक मोठे डॉक्टर बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं की हा रकाना कुठल्या देशातला. सबनीस म्हणाले, इथलाच.

ताप उतरायला चार दिवस गेले. एका दुपारी तिला भाताची पेज भरवताना मी विचारलं, "गयाबाई, आम्ही बोललेलं तुला ऐकू येत होतं?"

"समदं. मधीमधी झापड यायची, पर आइकू येत हुतं. तुमी माज्या नावाफुडं सहा लिवलं, ते बी."

"आणि घरी न्या म्हटलेलं?"

"हौ."

"अगं मग बोलायचं नाही का?"

"मामंजी हुते की."

"अगं बाई, मरायला निघाली होतीस तू!"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की साधी गोष्ट या शिकलेल्या बाईला कळत कशी नाही. "मरायला बी त्येंच्याफुडंच निघाले हुते की शिष्टर."

मला तिचा इतका राग आला की मी पेजेची वाटी दणकन ठेवली. मग दाजीबांचा आला. मग स्वतःचा आला आणि तो काही गेला नाही. नंतर मी शेकडो फॉर्म भरले, पण रकाना भरायच्या आधी माणसाकडे बघायचं हे मला त्या बाईने शिकवलं, आणि शिकवताना तिचा जीव पणाला होता, माझा नव्हता.

किसनरावाकडून बाकीचं कळलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि गयाबाई सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. सासू होती तोवर सासूमार्फत. पुढे पोरांमार्फत. पोरं शाळेत असली तर म्हशीमार्फत. "म्हशे, भाकर वाढलीय, निवायलीय," असं गोठ्याकडे तोंड करून म्हणायची, आणि दाजीबा ओसरीवरून उठून जेवायला यायचे. दाजीबा वाईट होते असं नाही. सुनेला आजारपणात रात्रभर स्टुलावर बसून राखणारा सासरा मी दुसरा पाहिला नाही. पण त्यांच्यासमोर बोलायचं नसतं हे जसं तिला ठाऊक होतं, तसं त्यांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनी ते इमानाने पाळलं होतं.

दाजीबांना खरं कारण सांगायची हिंमत माझी झाली नाही, सबनीसांची नाही, किसनरावाची तर नाहीच. शेवंतामावशींनी व्हरांड्यात झाडू मारता मारता सांगून टाकलं. "बाबा, तुमच्याफुडं बोलू नये म्हून सून मरायली हुती तुमची."

त्या दिवसापासून दाजीबा आत आले नाहीत. किसनरावाला स्टुलावर बसवलं आणि स्वतः काचेबाहेर उभे राहिले, पण खोलीकडे पाठ करून. सगळं गाव काचेला नाक लावून आत बघायचं आणि हा एक म्हातारा रस्त्याकडे तोंड करून उभा. मी म्हटलं, "दाजीबा, सून बरी आहे, बघा तरी." तर म्हणाले, "मी बघितल्यावं ती बोलंल का? बोलू द्या तिला." आठ दिवस ते असे उभे होते. उन्हं आली की सावलीत सरकायचे, पण वळायचे नाहीत.

आत गयाबाईची तब्येत सुधारली तसं तोंड सुटलं. ती सलाईनच्या स्टँडला सांगायची, "ए दांड्या, मामंजी जेवले का इचार." मी काचेशी जाऊन ओरडायची, "जेवलात का?" पाठमोरे दाजीबा म्हणायचे, "जेवलो म्हनावं." मग मी येऊन दांड्याला सांगायची. एम.डी. डॉक्टर, दोन नर्सा आणि एक सलाईनचा स्टँड एवढी यंत्रणा सासऱ्या-सुनेच्या बोलण्यासाठी लागली होती, आणि आम्ही कुणीही तक्रार केली नाही.

सोडायच्या दिवशी सबनीसांनी शेवटचा स्कोअर काढला. तसा तो काढायची गरज नसते. दोन आला. दोन्ही कमी रक्ताचे. गयाबाई नवं लुगडं नेसली, मावशींच्या पाया पडली, माझ्या पडायला लागली तेव्हा मी मागे सरले, कारण मला ते सोसलं नसतं. किसनराव पिशव्या घेऊन जीपकडे गेला.

ती दारातून बाहेर आली. दाजीबा पाठ करून उभे होते. तिने पदर कपाळावरून खाली ओढला. इकडे तिकडे बघितलं. व्हरांड्यात ना स्टँड होता, ना पोर, ना म्हैस. मी पुढे होणार होते, मावशींनी माझा हात धरला.

मग पदराआडून, स्पष्ट आवाजात, ती म्हणाली, "मामंजी, चला."

म्हातारा वळला नाही. त्याने रुमाल सारखा केला, काठी टेकली आणि जीपकडे चालायला लागला. ती दोन पावलं मागून. फाटकापाशी पोचल्यावर, पाठमोराच, तो म्हणाला, "आवाज गोड हाय की गं पोरी तुजा."